शुक्रवारची तयारी

प्रिय भिंगरी,

आधी तुझा एक मुका घेते, मग बाकीचं. माझं अक्षर म्हणजे ओल्या अंगणातून कोंबडी गेल्यासारखं, तुला ठाऊकच आहे. त्यात परवा चष्म्याची काडी मोडली, ती दोऱ्याने बांधून बसले आहे. चौथीत शाळा सुटली ती सुटली. त्यानंतर आयुष्यभर मी लिहिलं ते फक्त डब्यांवर, 'साखर' आणि 'मीठ'. तेव्हा कुठे अडलीस तर तेवढं सोडून पुढे जा. घरात सध्या इतका आनंद आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला अन्न पचायचं नाही. मग म्हटलं, जिच्यामुळे आनंद तिलाच सांगावा. वॉर्डात फोन देत नाहीत, मग राहिला कागद. तुझी आई उद्या सकाळी कामावर जाताना हा तिथल्या नर्सबाईंकडे देऊन जाईल.

शुक्रवारी तू घरी येणार. दवाखान्यातून फोन आला तेव्हा तुझा बाप नुकताच कामावरून आला होता. त्या शीतगोदामात दहा-दहा तास खोकी उचलून त्याचे कान लाल होतात ना, तसे लाल कान घेऊन तो दारातच उभा होता. त्याला कामापुरतीच भाषा येते, पण 'शुक्रवार' आणि 'घर' हे दोन शब्द त्याला बरोबर कळले. भिंगरे, तुझ्या बापाने शीळ घातली. लग्न झाल्यापासून घातली नव्हती. बाकीचं दवाखान्याने पाठवलेल्या आपल्या भाषेतल्या चिठ्ठीतून कळलं. उद्या गुरुवारी तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई घरच्या माणसाला बोलावून एवढंच विचारणार आहेत, की पोरीला न्यायला तुम्ही तयार आहात का, आणि तुमच्या मते ती आता ठीक आहे का. घरच्यांनी हो म्हटलं की शुक्रवारी दुपारी तू मोकळी. तुझ्या बापाला रजा नाही. तुझ्या आईची रजा तू तिथे गेलीस त्याच आठवड्यात संपली. आणि दिवसभर तुझ्याजवळ घरात असणार ती मी, म्हणून उद्या मीच जाणार आहे. निळं पातळ काढून ठेवलंय.

तयारी म्हणशील तर विचारू नकोस. तुझी खाट आम्ही खिडकीखाली सरकवली. सरकवताना तिचा एक पाय निखळला, मग तुझ्या बापाने तो ठोकला आणि ठोकताना स्वतःचा अंगठाही ठोकला. तुझी आई तर काय, हॉटेलच्या त्या लाँड्रीत दिवसभर वाफेच्या रुळाखाली चादरी घालते, चादरी काढते, आणि घरी येऊन पुन्हा इस्त्री घेऊन बसते. तुझ्या सगळ्या कपड्यांना झाली, उशीच्या अभ्र्यांना झाली, काल बघते तर मोज्यांना चालली होती. मोज्यांना कधी कोणी इस्त्री करतं का गं? पण बसली होती एकाग्र, बसू दिलं. समोरच्या काठीवाल्या बाईंनाही मी खुणा करून सांगितलं की तू येणार. त्या त्यांच्या भाषेत बोलतात, मी माझ्या. चार वर्षांत आमचं एकदाही वाजलं नाही. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नाही, भांडण व्हायचं कशावरून? त्यांनी कुंडीतलं एक रोप आणून दिलं. कसलं आहे ते मला कळलं नाही, त्यांनी सांगितलं तेही कळलं नाही.

अशा वेळी तुझी आठवण येते. तू असतीस तर चटकन सांगितलं असतंस. आपण इथे आलो तेव्हा तू अकराची होतीस, आणि सहा महिन्यांत ही भाषा अशी बोलायला लागलीस की जणू इथेच जन्मलीस. तेव्हापासून घराची जीभ म्हणजे तू. बँकेत तू, दवाखान्यात तू, विजेच्या बिलासाठी तू. टाचा उंच करून खिडकीशी उभी राहायचीस, आणि मागे तुझा एवढा थोरला बाप टोपी हातात घेऊन. मला त्याची केवढी ऐट वाटायची! घरमालक आला होता तो दिवस आठवतो का? तांबडालाल झालेला, बोट नाचवत किती वेळ बोलत होता. तू सगळं ऐकून घेतलंस आणि माझ्याकडे वळून म्हणालीस, आजी, ते म्हणतात नळ दुरुस्त करायला माणूस पाठवतो. मी म्हटलं बघा, केवढा बडबडला तो माणूस, आणि पोरीने कसं दोन शब्दांत उरकलं. नळाला माणूस काही आला नाही. मला वाटलं, विसरला असेल बिचारा.

शाळेतून आलीस की मी दप्तर खाली ठेवू द्यायची नाही, आधी सांग, आज काय झालं. आणि तू सांगायचीस. आज बाई म्हणाल्या माझी वही सगळ्यांत स्वच्छ. आज मी एकटीच बाकावर बसले, ऐसपैस. तुला पोहण्याच्या तासाला घातलं तेव्हा मला काळजी होती, तू पाण्याला भ्यायचीस. विचारलं तर म्हणालीस, आजी, मला अख्खा तलाव एकटीला देतात. मी हे गावाकडे प्रत्येक फोनवर सांगितलं. माझ्या थोरल्या जावेला तर दोनदा सांगितलं. तिच्या नातवाचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते, म्हटलं ऐक आता, आमच्या पोरीला अख्खा तलाव देतात. ती म्हणाली, एकटीला कशाला? मी म्हटलं, जळतेस.

मग हिवाळ्यात शाळेने घरच्यांना बोलावलं. तेव्हाही आई-बापाला सुट्टी नव्हती, मीच आले. त्या खोलीत हेडमास्तर, मुलांशी बोलायला ठेवलेल्या त्या केस कापलेल्या बाई, मी, आणि मध्ये तू. खुर्च्या इतक्या मऊ की मी आत रुतले आणि माझे पाय अधांतरी. त्या बाई बोलायच्या, थांबायच्या, तू मला सांगायचीस. मी शांत असते म्हणे. कुणाला त्रास देत नाही. गणितात पुढे आहे. जरा झोप कमी होते, दूध द्या. मला इतका आनंद झाला की त्या रुतलेल्या खुर्चीतून धडपडत उठले, बाईंचे दोन्ही हात धरले आणि मला त्यांच्या भाषेतले जे दोन शब्द येतात ते, 'हो' आणि 'आभारी', ते चार-चारदा म्हटले. हसले, डोळ्यांतून पाणी काढून हसले. त्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, एवढं प्रेमाने त्यांच्याशी आजवर कोणी वागलं नसेल. बाहेर आल्यावर तू माझा हात घट्ट धरून चालत होतीस. त्या दिवसापासून मी तुला रोज रात्री दूध दिलं आणि तू ते सगळं प्यायलीस.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तलावाचे दिवे मालवायला आलेला शिपाई कपड्यांसकट पाण्यात उतरला म्हणून तू आहेस. तू शुद्धीवर आल्यावर सगळ्यांना सांगितलंस, पाय घसरला. तुझ्या बापाने ते धरून ठेवलं. गावाकडे, गोदामात, जिन्यात, जो विचारील त्याला, पाय घसरला. मीही तेच म्हणत होते. वॉर्डात तुला भेटू देत नव्हते त्या दिवसांत मी आणि तुझी आई त्या शिपायाकडे गेलो, आभार मानायला. म्हातारा आहे, माझ्याच वयाचा. भाषा नाही, मग हातांनीच बोलणं. त्याने खाली जमिनीकडे बोट दाखवलं, म्हणजे तळाशी. मग स्वतःचे दोन्ही हात छातीशी घट्ट धरून दाखवले, आणि डोळे मिटले. तुझी आई मागे भिंतीला टेकली. पाय घसरलेल्या माणसाचे हात असे नसतात, हे कळायला कुठलीच भाषा लागत नाही.

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. तुला तिथे बसवलं नाही, हे मला चमत्कारिक वाटलं, म्हटलं पोरीशिवाय आमचं कसं चालणार. तर टेबलावर एक फोन ठेवला होता आणि त्यातून एक माणूस आपल्या भाषेत बोलायला लागला. कुठे बसून बोलत होता कोण जाणे, मागे कुत्रं भुंकत होतं. अगदी पुस्तकासारखं बोलायचा. मॅडम, डॉक्टर विचारत आहेत. मॅडम, डॉक्टर सांगत आहेत. मला जन्मात कोणी मॅडम म्हटलं नव्हतं, पहिल्यांदा हसूच आलं. मग डॉक्टरीणबाई शाळेकडून जे कळलं ते सांगायला लागल्या आणि तो माणूस एकेक वाक्य माझ्यापुढे ठेवायला लागला, तसंच, न चावता. की मुलीजवळ कोणी बसत नाही. की ती आली की काही मुली नाकाला रुमाल लावतात, तिच्या कपड्यांना तुमच्या घराचा वास येतो म्हणतात. की ती पाण्यात उतरली की बाकीच्या बाहेर येतात, त्यांच्या घरच्यांनीही तक्रार केली, तेव्हा पोहण्याच्या बाईंनी तिला वेगळी वेळ दिली, सगळ्या गेल्यानंतरची. की जेवणाच्या सुट्टीत ती संडासात बसून असते. की तिला जगावंसं वाटत नाही असं ती स्वतः एका बाईंशी बोलली होती. की शाळेने घरी कळवण्यासाठी बैठक बोलावली होती. मग तो माणूस जरा थांबला, खाकरला, कुत्रं दोनदा भुंकलं. म्हणाला, मॅडम, इथे पुढे असं आहे, की हे सगळं मुलीच्या आजींना सांगण्यात आलं. आजी हसल्या. त्यांनी आभार मानले. डॉक्टर विचारत आहेत, बरोबर आहे का? मी म्हटलं, बरोबर आहे.

तू काय केलंस ते मला नंतर बसमध्ये बसल्यावर उमगलं. एवढ्या त्या खोलीत, दोन मोठी माणसं तुझ्या तोंडावर तुझंच असं बोलत होती, आणि तू त्यातून माझ्यासाठी दूध आणि गणित काढलंस. चेहरा न हलवता. पंधरा वर्षांची पोर. मला माझ्या हसण्याचं काही वाटत नाही गं, मला हसवायचं म्हणूनच तू बोलत होतीस, ते मी मन भरून हसले. वाटतं ते एवढंच की चार वर्षं घरात येणारी प्रत्येक वाईट गोष्ट आधी तुझ्या अंगावर यायची, आणि आम्हाला मिळायची ती धुऊन, वाळवून, घडी घालून. आमच्या तिघांच्या वाट्याचं ऐकून घेणारी तू एकटी. तुझं ऐकायला कोण होतं?

तुझ्या बापाला मी हे सांगितलं. तो कधी आवाज चढवत नाही माझ्यावर, त्या दिवशी चढवला. म्हणाला, आई, तसं एकदा तिच्या नावाला चिकटलं की मग सुटायचं नाही, पुढे तिला कॉलेजात कोण घेईल, नोकरी कोण देईल, आपल्याला इथे कोण राहू देईल. घसरला म्हणजे घसरला. मग ताट तसंच ठेवून उठला. मी त्याला तरी काय म्हणू. गोदामात तो डबा खातो तो खोक्यांच्या मागे उभ्याने. बाकावर जागा असते, पण तो बसला की बाक रिकामा होतो. हे त्याने मला त्याच दिवशी सांगितलं, पाठमोरा होऊन. तुझ्यासारखाच निघाला, चार वर्षं तोही मला म्हणायचा, उभ्याने खाल्लं की पचतं.

आता रविवारचं. तू इतकी छान दिसत होतीस! केस विंचरलेले, गालावर जरा रंग. मला बघून उठून आलीस, गळ्यात पडलीस, म्हणालीस, आजी, मला इथे सगळे सांभाळतात, पण आता घरीच बरं वाटेल. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, झालं, पोर परत आली. तेवढ्यात ती उंच नर्स आली. ती तुझ्याकडे बघून, मग माझ्याकडे बघून बोलायला लागली. सावकाश, खूप वेळ. मध्येच तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवला, तो वर गळ्यापर्यंत आणला, मग तुझ्या पलंगाकडे दाखवलं, मग उशीकडे. तू मान हलवलीस. तिने मला सांग अशी खूण केली. तू वळलीस, छान हसलीस आणि म्हणालीस, "आजी, ती म्हणते, तुझी आजी किती गोड आहे."

आणि मला आनंद झाला. सवयच लागलीय, काय करू, आधी आनंदच झाला. मग मी त्या नर्सकडे पाहिलं. 'आजी गोड आहे' असं सांगणाऱ्या बाईचा चेहरा तसा नसतो. ती वाट बघत होती, की आता ही म्हातारी रडेल, काही विचारेल. मी हसले. तिला 'आभारी' म्हटलं. नसते हसले तर तुला कळलं असतं की मला कळलंय, आणि तिथे, त्या वेळी, मला ते करवलं नाही. ती काय म्हणाली ते मला अजून माहीत नाही. तू रात्री झोपत नाहीस असं असेल, की उशीखाली काही सापडलं असं असेल, की अजूनही तुला तेच वाटतंय असं असेल. तिन्ही मी उलटसुलट करून पाहिली, आणि त्यातलं एकही असं नाही की जे ऐकून तुला घरी आणावं.

म्हणून आता जे सांगायला हा कागद घेतला ते सांगते. उद्या डॉक्टरीणबाई विचारतील तेव्हा मी नाही म्हणणार आहे. त्या फोनमधल्या माणसाला सांगणार आहे की माझी नात ठीक नाही, तिचा पाय घसरला नव्हता, ती तुम्हाला जे सांगते ते आम्हाला सांगते तसंच गोड करून सांगते, आणि आत्ता तिला घरी पाठवू नका. तुझ्या बापाला ठाऊक नाही, तो अजून शीळ घालतोय. तुझ्या आईला काल सांगितलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणा, आई. माझ्याने नाही व्हायचं." मी तुला खोटा धीर देत नाही. ते तुला आणखी किती दिवस ठेवतील मला माहीत नाही, आणि नंतर बाहेर आलीस तरी शाळा तीच, पोरी त्याच. दुसरी शाळा घेत नाही, तुझा बाप सगळीकडे विचारून आला. मी शाळेत जाऊन बोलले तरी माझ्याने त्यातलं काही हलणार नाही. आम्ही सगळे तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलो आणि तुला तिथेच ठेवा म्हणणारी मीच निघाले, हे तुला बापाच्या ओरडण्यातून किंवा त्या माणसाच्या मॅडम-मॅडममधून कळू नये म्हणून लिहिलं. तू चिडशील. तुला वाटेल, एक आजी होती तीही फिरली. शनिवारी मी भेटायला येईन, तेव्हा माझ्याकडे बघून हसू नकोस. बोलू नये असं वाटलं तर बोलू नकोस. शिवी द्यावीशी वाटली तर दे, पण जशी तोंडात येईल तशीच दे, माझ्यासाठी बदलून देऊ नकोस.

पाठ फिरवून बसलीस तरी त्या पाठीशी बसून राहणारी, तुझीच,

आजी